गाऊट आणि आहार: ताटातून काय काढायचं, काय ठेवायचं आणि कशाची भीती सोडायची

पहाटे तीनच्या सुमारास जाग येते ती पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्याने. झोपताना काहीही नसतं. आता मात्र अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा लालबुंद, तकतकीत, हात ठेवला तर चटका बसावा इतका गरम झालेला असतो. पांघरुणाचं टोक नुसतं घसटलं तरी कळ मस्तकात जाते. पलंगाजवळून कुणी चालत गेलं आणि गादी किंचित हलली, तरी तोंडातून आवाज निघतो. ज्याने हे एकदा सोसलं आहे, त्याला गाऊट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या पहिल्या झटक्यानंतर भेटेल तो एक पदार्थ बंद करायला सांगत होता. डाळी बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, लिंबू बंद, दही बंद. मी सगळं निमूटपणे बंद केलं. जेवण बेचव झालं, चार महिने तसे काढले आणि पाचव्या महिन्यात अंगठा पुन्हा धरला. त्या चार महिन्यांत रोज दुपारी बाटलीबंद फळांचा रस मात्र चालू होता. तो तर ‘आरोग्याचा’ म्हणून मी मुद्दाम वाढवला होता. यादीत त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

हा लेख त्या चार महिन्यांसाठी लिहितो आहे. गाऊटच्या पथ्यात चुकीच्या गोष्टी सुटतात आणि सोडायच्या गोष्टी चालू राहतात. त्यात माणूस उपाशीही राहतो आणि बराही होत नाही.

आधी समजून घ्या: युरिक ॲसिड येतं कुठून

गाऊट होतो तो रक्तात युरिक ॲसिड वाढल्याने. आपल्या पेशींत, त्यांच्या डीएनएमध्ये, प्युरीन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा ते सुटे होतात आणि झँथीन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांचं युरिक ॲसिड करतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचं आणखी एक विकर असतं, ते युरिक ॲसिड पुढे फोडून टाकतं. माणसात हे विकर उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालं. त्यामुळे आपल्याला ते बाहेरच टाकावं लागतं. साधारण दोन तृतीयांश लघवीतून जातं, उरलेलं आतड्यांतून.

रक्तात युरिक ॲसिड दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेलं राहतं. त्यापुढे त्याचे सुईसारखे स्फटिक होऊ लागतात आणि ते सांध्यात साचतात. गारव्यात ते लवकर धरतात, आणि पायाचं बोट हा शरीराचा गार भाग. म्हणून पहिला झटका बहुधा अंगठ्यालाच येतो. पांढऱ्या पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात, तो आपल्याला जाणवणारा ठणका.

आता आहाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शरीरात तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण एक तृतीयांशच खाण्यातून येतं. बाकीचं शरीर स्वतः बनवतं. शिवाय बहुसंख्य रुग्णांत खरा दोष ते जास्त तयार होण्यात नसतो, मूत्रपिंडातून कमी बाहेर पडण्यात असतो. त्यामुळे कितीही कडक पथ्य पाळलं तरी पातळी साधारण १ मिलिग्रॅमने खाली येते. ज्याची पातळी ७.२ आहे त्याला हा एक आकडा पुरू शकतो. ज्याची ९.५ आहे त्याला नुसत्या पथ्याने ६ च्या खाली, म्हणजे उपचारातल्या लक्ष्यापर्यंत, येणं जमत नाही, आणि ते जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण नाही.

पहिली पायरी: निदान पक्कं करा

तपासणीत युरिक ॲसिड जास्त निघालं म्हणजे गाऊट झाला असं नाही. पातळी वाढलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी झटका येत नाही. उलट, झटका चालू असताना रक्त तपासलं तर पातळी चक्क नॉर्मल येऊ शकते, आणि तेवढ्यावर ‘हा गाऊट नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. म्हणून झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावं. शंकेला जागा असेल तर सांध्यातलं पाणी काढून ते ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक असे ओळखता येतात हे १९६१ साली दाखवून दिलं गेलं, आणि आजही निदानाचा पक्का मार्ग तोच आहे.

सांधा सुजलाय आणि सोबत ताप, थंडी वाजणं असेल, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो, आणि त्यात एक दिवसाचा उशीरही महाग पडतो.

याच भेटीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कमी मात्रेतली ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. रक्तदाबाचंच लोसार्टन नावाचं औषध मात्र ते थोडं कमी करतं. बदल करायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन अंगठा दुखतो म्हणून स्वतःहून कधीही बंद करू नका.

दुसरी पायरी: एक वही

काहीही बंद करण्याआधी तीन-चार आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, काय प्यायलं, लघवीचा रंग कसा होता, प्रवास झाला का, झोप किती झाली, आणि सांधा कसा होता. माझ्या वहीतल्या तीन ओळी अशा आहेत:

‘शनिवार रात्र: मटण, रस्सा दोन वाट्या, बिअर दोन ग्लास. रविवार: दिवसभर प्रवास, पाणी जेमतेम, लघवी दोनदा, गडद पिवळी. सोमवार पहाट: डावा अंगठा.’

एकट्या मटणाने झटका आला असता का, हे सांगता येत नाही. पण मटण, बिअर आणि पाण्यावाचून गेलेला दिवस असं तिन्ही एकत्र आलं की माझा अंगठा धरतो, हे वहीनेच दाखवलं. तुमचं समीकरण वेगळं असू शकेल. काहींना टोमॅटोनंतर त्रास होतो. टोमॅटोत प्युरीन अगदी कमी असतं, पण वहीत तीन-चारदा तसं दिसलं तर तुमच्यापुरता टोमॅटो सोडा. दुसऱ्याच्या वहीवरून मात्र सोडू नका.

तिसरी पायरी: ताटाआधी पेल्याकडे पाहा

पथ्याची सुरुवात पेयांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. इथे बदल सोपा असतो आणि फरक मोठा पडतो.

दारूचं आधी. दारू युरिक ॲसिड तयार होण्याचा वेग वाढवते आणि त्याच वेळी मूत्रपिंडातून ते बाहेर पडणं रोखते. बिअरमध्ये यात आणखी एक भर पडते, कारण तिच्यात यीस्टमुळे प्युरीनही असतं. २००४ साली ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या १२ वर्षांच्या नोंदींवरून अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक बिअर पिणाऱ्यांत गाऊटचा धोका सुमारे दीडपट दिसला, कडक दारूत त्याहून कमी वाढ होती आणि माफक वाइनमध्ये जवळजवळ वाढ नव्हती. पण यावरून ‘वाइन चालते’ असं समजू नका. ज्यांना आधीच गाऊट आहे त्यांच्यात वाइननेही झटका येतो, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. झटके चालू आहेत तोवर दारू पूर्ण बंद, हा सरळ नियम आहे. पातळी ६ च्या खाली येऊन वर्षभर टिकली की पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल.

दुसरं, गोड पेयं. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, झपाट्याने खर्च होते, आणि त्या मोडतोडीतून थेट युरिक ॲसिड तयार होतं. पेयात प्युरीनचा कणही नसताना पातळी वाढते ती अशी. २००८ च्या एका अभ्यासात रोज दोन किंवा जास्त साखरयुक्त शीतपेयं पिणाऱ्यांत गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त आढळला. फळांच्या रसाचंही तेच. एक पेलाभर रसात चार-पाच फळांची साखर असते आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. अख्खं फळ चावून खाल्लं तर साखर सावकाश पोहोचते आणि चोथ्याने पोटही भरतं. दिवसाला एक-दोन फळं खुशाल खा, रस मात्र नको. मधातही भरपूर फ्रुक्टोज असतं, त्यामुळे ‘साखर नाही, मध घालतो’ ही पळवाट इथे कामाची नाही.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर. मोजत बसायचं नसेल तर लघवीचा रंग पाहा, तो फिकट असला पाहिजे. झोपताना एक पेला पाणी जरूर प्या, कारण रात्री शरीर कोरडं पडतं आणि झटका बहुधा रात्रीच गाठतो. गाऊट असलेल्यांना मुतखड्याचा धोकाही जास्त असतो, त्यावरही पाणी हाच पहिला उपाय. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं मापच पाळा.

कॉफी पिणाऱ्यांनी घाबरू नये. नियमित कॉफी पिणाऱ्यांत गाऊट कमी आढळतो. साखर तेवढी टाळा.

चौथी पायरी: आता ताट

सगळ्यात आधी जायला हवेत ते प्राण्यांचे अवयव: कलेजी, गुर्दा, भेजा. यांत प्युरीन खूप असतं, कलेजीत तर शंभर ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून जास्तही. तारली, अँकोव्ही यांसारखे मासे आणि सुकवलेली मासळी याच गटात येते. यीस्टचे अर्क आणि यीस्टच्या गोळ्याही यातच, आणि त्या ‘बी व्हिटॅमिनसाठी’ म्हणून घरात असतात, म्हणून मुद्दाम लिहितो. हे सगळं कमी नव्हे, बंद.

मटण, चिकन, बाकीचे मासे, कोळंबी, खेकडे, शिंपले मधल्या गटात बसतात. हे सोडावंच लागतं असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी शिजवलेले ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे तळहाताच्या मधल्या भागाएवढा तुकडा. एक बारकी पण उपयोगी गोष्ट: प्युरीन पाण्यात उतरतं. त्यामुळे मांस उकडलेलं पाणीही टाळायला हवं. रस्सा, सूप, हाडांचा काढा हे ‘हलकं’ म्हणून आजाऱ्याला दिलं जातं. गाऊटमध्ये नेमकं तेच नको. मांस उकडून पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायचं, हा चांगला मार्ग.

डाळींबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर झाला आहे. डाळी, हरभरे, सोयाबीन, वाटाणे यांत प्युरीन मध्यम प्रमाणात असतं, हे खरं. पालक, फ्लॉवर, मशरूम, शतावरीतही थोडं असतं. याच आकड्यांवरून त्या याद्या तयार झाल्या. पण त्याच १२ वर्षांच्या नोंदींत संशोधकांनी हेही तपासलं की कोणत्या प्युरीनने प्रत्यक्षात गाऊट होतो. सर्वांत जास्त मांस खाणाऱ्यांत धोका ४१ टक्क्यांनी आणि सर्वांत जास्त मासे खाणाऱ्यांत ५१ टक्क्यांनी वाढलेला दिसला. प्युरीनयुक्त भाज्या आणि डाळी भरपूर खाणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला नाही. कोरड्या डाळीचा आकडा मोठा वाटतो, पण आपण ती भरपूर पाण्यात शिजवून खातो. वाटीत उतरतं ते त्यातलं थोडंच.

शाकाहारी माणसाने डाळी सोडल्या तर प्रथिनं आणायची कुठून? मग भात आणि गोड खाणं वाढतं, वजन वाढतं, आणि वजनाबरोबर युरिक ॲसिड वाढतं. रोज एक-दोन वाट्या शिजवलेली डाळ किंवा उसळ खा. भाज्या सगळ्या खा. वहीत एखादी डाळ पुन्हा पुन्हा दोषी ठरली तर तेवढी एक बाजूला ठेवा. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनांचं माप आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, ते प्रकरण वेगळं आहे.

दूध, दही, ताक हे या आजारातले खरे मित्र. दुधातल्या प्रथिनांमुळे युरिक ॲसिड लघवीतून जास्त बाहेर पडतं. दूधदुभतं सर्वांत जास्त घेणाऱ्यांत धोका जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला, विशेषतः कमी स्निग्धांशाच्या दुधाने. रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक घ्या. अंड्यांत प्युरीन नगण्य असतं, त्यामुळे मांसाहार कमी करणाऱ्याला अंडी मोठा आधार देतात.

दही-लिंबू बंद करण्यामागे एक गैरसमज आहे, तो या नावातच दडलाय. ‘ॲसिड’ म्हटलं की आंबट आठवतं, आणि आंबट खाल्लं की ॲसिड वाढणार असं वाटतं. युरिक ॲसिडचा चवीच्या आंबटपणाशी काही संबंध नाही. लिंबातल्या सायट्रेटमुळे तर लघवीची आम्लता कमी होते आणि युरिक ॲसिडचे खडे होण्याला आळा बसतो. पाण्यात लिंबू जरूर पिळा, साखर न घालता.

चेरीबद्दल खूप बोललं जातं. २०१२ साली ६३३ रुग्णांच्या निरीक्षणात चेरी खाल्लेल्या दोन दिवसांत झटक्याची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी दिसली. मिळत असतील आणि परवडत असतील तर दहा-बारा खाव्यात. नाही मिळाल्या तर काही अडत नाही. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, गाऊट असलेल्यांत त्यांचा परिणाम अगदी किरकोळ आढळला आहे.

पाचवी पायरी: वजन, पण सावकाश

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने आहारातल्या बाकी सगळ्या बदलांपेक्षा जास्त फायदा होतो. पोटाच्या चरबीने इन्सुलिनला प्रतिसाद मंदावतो आणि मग मूत्रपिंड युरिक ॲसिड धरून ठेवतात.

मात्र घाई केली तर उलटं होतं. कडक उपवास, दिवसदिवस न जेवणं किंवा कर्बोदकं पूर्ण तोडणं यामुळे शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडची वाट अडवतात. मनापासून उपवास धरलेला माणूस तिसऱ्या दिवशी सुजलेल्या पायाने बसतो तो यामुळे. आठवड्याला अर्धा किलो पुरे. उपवास करायचाच असेल तर तो लांबवू नका आणि त्या दिवशी पाणी जास्त प्या.

सहावी पायरी: झटका आला की

पाय उंच ठेवा, सांध्याला विश्रांती द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. मालीश नको, शेक नको. डॉक्टरांनी झटक्यासाठी लिहून दिलेलं औषध, मग ते कोल्चिसिन असो, वेदनाशामक असो वा स्टेरॉइड, पहिल्या काही तासांत घेतलं तर सर्वांत जास्त लागू पडतं. म्हणून ते घरात आधीच आणून ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात अल्सर असणाऱ्यांनी वेदनाशामक विचारल्याशिवाय घेऊ नये. घरातली ॲस्पिरिन या दुखण्यावर घेऊ नका.

खाण्यात हे तीन-चार दिवस पातळ डाळ-भात, भाज्या, दही, अंडी. मांस-मासे नको, दारू नको, आणि उपाशी तर मुळीच राहू नका. युरिक ॲसिड कमी करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर झटक्यात ती थांबवू नका. मी एकदा थांबवली होती, आणि आठवड्यात संपणारा झटका तीन आठवडे लांबला.

सातवी पायरी: गोळीची गरज मान्य करणं

ही पायरी आहाराच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण पथ्यावर जीव ओतून गोळी टाळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे सांधे वाकडे झालेलेही पाहिले आहेत. वर्षात दोन किंवा जास्त झटके, त्वचेखाली खडूसारख्या पांढऱ्या गाठी, एक्स-रेमध्ये सांध्याची झीज, यांपैकी काहीही असेल तर औषध लागतं. ॲलोप्युरिनॉल १९६६ पासून वापरात आहे. ते झँथीन ऑक्सिडेजलाच अडवतं, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या दोन तृतीयांशावरही काम करतं. तिथे पथ्य पोहोचूच शकत नाही.

सुरुवात लहान मात्रेने होते, रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि रक्त तपासत ती हळूहळू वाढवतात. लक्ष्य ६ च्या खाली, गाठी असतील तर ५ च्या खाली. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळताना सांध्यात सुटे होतात, त्याचा तो त्रास असतो. म्हणून तीन ते सहा महिने सोबत झटका टाळणारं औषध देतात. नेमक्या याच काळात ‘गोळी मानवली नाही’ म्हणून बरेच जण ती सोडून देतात. एकच अपवाद लक्षात ठेवा: अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. ॲलोप्युरिनॉलची अशी प्रतिक्रिया क्वचित येते, पण आली तर गंभीर असते.

मात्रा बसेपर्यंत दर काही आठवड्यांनी, नंतर सहा महिन्यांनी युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासून आकडा तारखेसह त्याच वहीत लिहा. शेजारी त्या काळातल्या झटक्यांची संख्याही लिहा. आकडा ६ च्या खाली गेल्यावरही जुने स्फटिक संपायला महिने लागतात, गाठींना तर वर्षं. तोवर एखादा झटका येईल. तो आला म्हणून डाळ पुन्हा बंद करू नका. त्या आठवड्याचं पान उघडा आणि पाणी किती प्यायलं होतं ते आधी पाहा.